अवघडलेलं लिंबू

बिघडलेला स्वयंपाक माझ्या मामेसासऱ्यांइतक्या थाटात वाढणारा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा झाला नसेल. झाला असलाच, तर त्याच्या घरच्यांनी तो लपवून ठेवला असावा. आम्हाला ती सोय नव्हती. मामा आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. त्यामुळे दर रविवारी सकाळी ते आपलं जाड बुडाचं पातेलं काखेत मारून आमच्या दारात हजर व्हायचे. माझ्या सासूबाईंचे ते धाकटे भाऊ. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून मिसरूड फुटायच्या आत मुंबईला पळाले, काही काळ गोदीत राहिले, तिथून जहाजावर आगवाला म्हणून चढले, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायला. बरीच वर्षं जगभर फिरून झाल्यावर एक दिवस पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन ते चिंचवडला बहिणीच्या दारात उभे राहिले. तेव्हा आमच्याकडे माळरानं सपाट करून कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि हात चालणाऱ्या माणसाला काम मिळत होतं. आगीची सवय असलेला माणूस म्हणून मामांना एका कंपनीत बॉयलरवर घेतलं. समुद्र सुटला तो असा, पण मामा काही जमिनीवर उतरले नाहीत.

आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्यांच्या लेखी डावी-उजवी बाजू नव्हतीच, पोर्ट आणि स्टारबोर्ड होती. गॅलरी म्हणजे डेक. मोरीत पाणी तुंबलं की "जहाजात पाणी शिरलं गो!" अशी आरोळी ठोकून ते बादली घेऊन धावायचे. पाणी उपसून झालं की दमलेल्या चेहऱ्यानं चहा मागायचे, जणू आम्हा सगळ्यांचे प्राण त्यांनी वाचवले होते. डाव्या मनगटावर आपलं घड्याळ आणि उजव्या मनगटावर ग्रीसचं. का, तर त्यांचं शेवटचं जहाज ग्रीक मालकाचं होतं, आणि तिथल्या लोकांची आपल्याला आठवण राहावी. एकदा पहिल्या शिफ्टला उशीर झाला तेव्हा त्यांनी गेटवरच्या टाइमकीपरपुढे उजवं मनगट धरलं आणि सांगितलं, "बघा, तिकडे अजून कोंबडासुद्धा आरवलेला न्हाय." टाइमकीपर आमच्याकडचाच, भोसरीचा. तो म्हणाला, "मग पगार बी तिकडूनच घ्या की राव." मामांना हा विनोद इतका आवडला की पुढे ते स्वतःच तो सगळ्यांना सांगत सुटले, अगदी बसच्या कंडक्टरलासुद्धा.

गाठी मारण्याची तर त्यांना आवडच होती. कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी बांधली ती अशी, की चाळीला रंग द्यायला आलेल्या माणसाला ती सुटेना, कापू म्हटलं तर मामा कापू देईनात, शेवटी त्यानं दोरीलाही रंग देऊन टाकला. मी माहेरी जायला निघाले की माझी ट्रंक तेच बांधायचे आणि माहेरी पोचल्यावर माझा भाऊ विळी घेऊन बसायचा. वाऱ्याचं मात्र त्यांना खरंच कळायचं. सकाळी गॅलरीत उभे राहून बोट ओलं करून हवेत धरायचे, कंपनीच्या धुराड्याकडे बघायचे आणि बायकांना बजावायचे, "आज कुरडया घालू नका." शेजारच्या म्हशीवाल्या आजी मूळच्या चिंचवड गावातल्या. त्या एकदा न ऐकता घालून बसल्या आणि दुपारी धुळीच्या वावटळीत कुरडयांसकट धोतराचं पान उडालं. तेव्हापासून त्या मामांना मानायच्या, पण पूर्ण नाही. "ह्या बाबाला वारं कळतंय," त्या म्हणायच्या, "पन भात कवा शिजला त्ये काय कळत न्हाई."

आता त्या पातेल्याकडे येते. मामांना एकच पदार्थ करता यायचा, किंवा येत नसायचा. ते एक ग्रीक सूप होतं. कोंबडी कांदा-मिरं घालून उकळायची, तिच्या पाण्यात मूठभर तांदूळ मऊ शिजवायचे, मग अंडी आणि लिंबाचा रस एकत्र फेटून त्यात सोडायचा. म्हणे, ते सूप सायीसारखं दाट आणि पिवळसर होतं, जिभेवर आंबटसर लागतं आणि पोटात गेलं की माणसाला आपल्या घरी असल्यासारखं वाटतं. त्याचं नाव अवगोलेमोनो. "अवगो म्हणजे अंडं, लेमोनो म्हणजे लिंबू," असं मामांनी समजावून सांगितलं. सासूबाईंनी एकदाच ते नाव ऐकलं, पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवघडलेलं लिंबू म्हण की." झालं. त्या दिवसापासून सगळ्या चाळीत त्या पदार्थाचं तेच नाव पडलं. रविवारी आमच्याकडून वास आला की लोक विचारायचे, "काय, लिंबू मोकळं झालं का?"

ते कधीच मोकळं व्हायचं नाही, फुटायचं. मामा फेटलेली अंडी पातेल्यात ओतायचे आणि बघता बघता वर पिवळ्या चिंध्या तरंगायला लागायच्या, खाली नुसतं आंबट पाणी. मामा ते वाटीत वाढून द्यायचे आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. दर वेळी फुटण्याचं कारण नवं. कधी पवनेचं पाणी जड, कधी रॉकेलच्या स्टोव्हची आच उद्धट, कधी ऐन वेळी कंपनीचा भोंगा झाला म्हणून अंडी दचकली. एकदा तर म्हणाले, "या कोंबड्यांचाच दोष. जन्मात समुद्राचं वारं लागलेलं न्हाय त्यांना." माझे यजमान गंभीरपणे म्हणाले, "मामा, पुढच्या वेळी कोंबडीला अलिबागला हवापालटाला पाठवू." मामांनी त्यावर खरोखर विचार केला असावा, कारण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "एसटीत कोंबडीचं तिकीट लागतं काय?"

आणि ते मुके! ग्रीसमधल्या आचाऱ्यांची म्हणे रीतच आहे, अंडी सोडताना पातेल्यावर वाकून तोंडानं मुके घेतल्याचे आवाज काढायचे, म्हणजे सूप फुटत नाही. त्यामुळे मामा स्टोव्हपुढे ओणवे होऊन, डोळे मिटून, मोठ्या भक्तिभावानं "पुच् पुच् पुच्" करत अंडी ओतायचे. चाळीतल्या भिंती त्या कसल्या. पहिल्या रविवारी म्हशीवाल्या आजी पदर तोंडाला लावून दारात आल्या आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "पोरी, दिसाढवळ्या कुनाचं मुकं चाललंय गं?" मी हसू दाबत पातेल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी पाहिलं, कपाळाला हात लावला आणि "बरं हाय, लगीन न केल्यालं" एवढंच बोलून गेल्या. चाळीतलं कुत्रं मात्र त्या आवाजाला आपल्यालाच बोलावणं समजायचं. मामांचं पुच् पुच् सुरू झालं की ते जिना चढून यायचं आणि शेपटी हलवत उंबऱ्याशी बसायचं. त्याचा विश्वास वायाही जायचा नाही, कारण आम्ही खाऊन उरलेलं फुटकं सूप त्याच्याच वाट्याला यायचं.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना एका थंडीत सासूबाईंना मुदतीचा ताप आला. ताप औषधानं उतरला, पण उतरताना त्यांची भूक घेऊन गेला. आधी त्या "तोंडाला चव नाही" म्हणायच्या. मग तेही म्हणेनाशा झाल्या. मी पेज केली, मुगाचं पाणी केलं, मोसंबीचा रस काढला, चहात बिस्किट भिजवलं. त्या म्हणायच्या, "ठेव तिथं." आणि भिंतीकडे तोंड करायच्या. ज्या बाईनं मला लग्न होऊन आल्यावर कढीला फोडणी कधी घालायची हे तीनतीनदा दाखवलं, जिच्या तावडीतून एक डबा तिरका ठेवलेला सुटायचा नाही, ती माझ्या हातून दूध उतू गेलं तरी मान वळवेना. मला त्याची जास्त भीती वाटायला लागली. पौर्णिमेला विहारात जायची त्यांची पांढरी साडी मी मुद्दाम समोर घडी घालत बसले, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. सकाळी डॉक्टर आले, नाडी पाहिली आणि दाराबाहेर येऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर पुण्याला न्यावं लागेल. अंगात काहीच उरलेलं नाही त्यांच्या." सासऱ्यांना असंच एकदा पुण्याला नेलं होतं आणि ते परत आले नव्हते. त्यामुळे हे सासूबाईंना कसं सांगायचं, ते मला कळेना. यजमान गाडीची चौकशी करायला गेले आणि मी गॅलरीत कठड्याला धरून उभी राहिले.

तेवढ्यात मामा जिना चढून आले. रजा टाकली होती. एका हातात पिंपरी कॅम्पातून आणलेली कोंबडी, दुसऱ्या हातात अंड्यांची पिशवी, काखेत पातेलं. मी म्हणणार होते, मामा, आज नको. आज हसायला कुणी नाही. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटेतून बाजूला झाले. मामांनी दाढी केली नव्हती आणि दोन्ही घड्याळं घरी राहिली होती.

"आई गेली तेव्हा मी भर समुद्रात होतो," ते म्हणाले. "मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. बायनं, तुझ्या सासूनं, एकटीनं केलं सगळं. त्या दिवशी जहाजावर मी जेवलो न्हाय. दुसऱ्या दिवशीपण न्हाय. तेव्हा आमच्या आचाऱ्यानं, एका ग्रीक म्हाताऱ्यानं, हे सूप करून माझ्यासमोर ठेवलं आणि मी जेवलो. मला हिच्यासाठी दुसरं काय करता येतं, सूनबाई? मला एवढंच येतं."

तुम्हाला तेही येत नाही असं म्हणायचा मला धीर झाला नाही. मी स्टोव्ह पेटवून दिला.

आमच्याकडे स्वयंपाक बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यातच, खाली बसून व्हायचा. त्यामुळे सासूबाईंच्या खाटेवरून सगळं दिसायचं, त्यांनी पाहिलं असतं तर. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. कोंबडी शिजली, तांदूळ शिजले, खोलीत चांगला वास पसरला. मामांनी अंडी फेटली, लिंबं पिळली, ओणवे झाले, डोळे मिटले, पुच् पुच् केलं आणि सगळं एकदम ओतलं. चिंध्या वर आल्या. मामा पातेल्यात बघतच राहिले. मग त्यांनी त्या झाऱ्यानं काढून टाकल्या आणि उरलेली अंडी फोडायला घेतली. टरफलाचे तुकडे वाडग्यातच पडत होते. बॉयलरवर वाफेचा काटा जरासा हलला तरी ज्याला पाठ फिरवूनही कळायचं, त्या माणसाला वाडग्यात अंडं नीट फोडता येत नव्हतं. मला ते बघवेना. मी मान फिरवली, आणि पाहते तर सासूबाई मान वळवून बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"थांब मेल्या," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला वाटलं भास झाला. "पुन्हा तसंच ओतशील."

मामा जागच्या जागी थिजले. "मग कसं ओतू, बाय?"

"आधी त्या अंड्यांत पातेल्यातलं गरम पाणी घाल. पळी पळीनं. ढवळत. ताक कुणी उकळीत एकदम ओततं काय? फुटेल न्हाय तर काय होईल? जन्मात कढी केली न्हायस?"

"पण तो म्हातारा..."

"तो म्हातारा काय करायचा? नीट आठव."

मामांनी आठवलं. म्हणजे आठवायचा प्रयत्न केला. मग खाली बघत, लहान पोरासारखे म्हणाले, "मी बघितलंच न्हाय गो. तो ओतायचा. मी नुसते मुके घ्यायचो."

"काय घ्यायचास?"

"माझा हात भाजला होता भट्टीवर. बांधून ठेवलेला. काम होत न्हाय म्हणून मला भटारखान्यात बसवला. त्या म्हाताऱ्याचे दात पडलेले, त्याला मुक्याचा आवाज काढता येत नव्हता. म्हणून त्यानं मला तेवढंच काम दिलं. डोळे मिटून करायचं असतं म्हणाला."

मग खाटेवरून एक विचित्र खरखर ऐकू आली. मी घाबरून धावले. मला वाटलं ठसका लागला. पण सासूबाई हसत होत्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत, अंगात हसण्याचीही ताकद नसताना हसत होत्या. "एवढी वर्षं," त्या म्हणत होत्या, "एवढी वर्षं ह्यानं आम्हाला..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत पुन्हा हसायला लागत होत्या. मग डोळे पुसून मला म्हणाल्या, "मला उठव गो. ह्याच्या हातून काय व्हायचं न्हाय."

मी आणि मामांनी मिळून त्यांना उठवलं, पाटावर बसवलं, पाठीशी उशी दिली. त्यांनी वाडगा पुढ्यात ओढला, पळी हातात घेतली. स्टोव्ह बंद करायला लावला. पळीभर गरम पाणी अंड्यांत, ढवळ. पुन्हा पळीभर, ढवळ. मग तो वाडगा पातेल्यात धार धरून सोडला. मामा हात बांधून बाजूला उभे होते. "बघतोस काय?" सासूबाई म्हणाल्या. "तू तुझं काम कर." मामांनी डोळे मिटले आणि ते जीव ओतून पुच् पुच् करायला लागले. कुत्रं आलं. आजीही आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. पातेल्यात चिंध्या आल्या नाहीत. पाणी हळूहळू दाटलं, पिवळं झालं, पळीला धरून राहायला लागलं.

"झालं न्हवं!" आजी म्हणाल्या.

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी, आयुष्यभर जसं केलं तसं, पळीतला एक थेंब तळहातावर घेतला आणि चाटून पाहिला. "मीठ कमी." मी मीठ दिलं. पुन्हा थेंब तळहातावर, पुन्हा चाटला. "लिंबू जरा पुढं गेलंय." थोडं सूप वाटीत काढून त्यात चिमूटभर साखर टाकून बघितली, नाक मुरडलं, ती वाटी संपवून बाजूला ठेवली. "न्हाय, साखर नको. मिरं लागेल." मिरं घातलं. पुन्हा वाटीत काढलं, मऊ भाताची शितं बोटानं चेपली, तोंडात टाकली. मी मिऱ्याचा डबा हातातच धरून ठेवला. मामांनी डोळे उघडले होते आणि माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं. आम्ही दोघांनी ओठ घट्ट मिटले. त्या जेवत आहेत हे सोडून बाकी सगळं त्यांच्या लक्षात होतं. मिऱ्यानंतरची ती वाटीही त्यांनी संपवली आणि मग मान वर करून म्हणाल्या, "नुसते उभे काय राहिलात? मला एका वाटीत नीट वाढा. आणि त्या मेल्यालापण द्या, उपाशी दिसतोय."

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून घेतलं आणि बराच वेळ मारतच राहिले. बाहेर आले तेव्हा मामा उंबऱ्यात बसून, कुत्र्याला पाठीशी घेऊन, वाटी तोंडाला लावून सूप पीत होते आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी सरळ वाटीत पडत होतं. "असंच होतं," ते मला म्हणाले. "अगदी असंच होतं गो." संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि मी डबे उलटसुलट लावते म्हणून माझ्यावर करवादत होत्या. माझ्या कानांना इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलंत?" यजमान नुकतेच आले होते, त्यांनी आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "अवघडलेलं लिंबू." डॉक्टर क्षणभर आमच्या सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "जे काय असेल ते," ते म्हणाले, "तेच चालू ठेवा." गाडी सांगून ठेवलेली होती, ती यजमानांनी धावत जाऊन नको म्हणून सांगितली.

त्यानंतर आमच्याकडे रविवारची वाटणी ठरून गेली. सासूबाई ओतायच्या, मामा मुके घ्यायचे, आणि सूप कधी फुटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं असं चाललं. कारखाने वाढले, माळावर चाळींच्या पलीकडे इमारती झाल्या, आमच्या घरी गॅस आला, आणि मामांची नोकरी संपली. खोली कंपनीकडून मिळालेली, ती सोडावी लागणार होती. आम्ही इथंच राहा म्हटलं, पण त्यांच्या मनानं गाव घेतलं होतं. खाडी दिसेल म्हणाले. हमरस्त्यावर एसटीत त्यांना बसवून दिलं तेव्हा सासूबाईंनी भाकरीची पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. खिडकीतून मामांनी काहीतरी सांगितलं, ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पुढच्या रविवारी सासूबाईंनी आपणहून कोंबडी आणायला लावली. त्यांनी कोंबडी शिजवली, तांदूळ मऊ केले, अंडी फेटली, लिंबू पिळलं. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, त्यांनी तो वाडगा उचलला आणि उकळत्या पातेल्यात एकदम उपडा केला.

"अहो आई!" मी ओरडले. "फुटलं की!"

त्या वर आलेल्या पिवळ्या चिंध्यांकडे बघत राहिल्या. मग पदरानं कपाळ पुसून म्हणाल्या, "फुटू दे गो. आज असंच खाऊ."

आम्ही ते तसंच खाल्लं. आईंनी दोनदा मागून घेतलं.